मागणी वीस, मंजूर दहा

“सर, रक्त अजून पातळच हाये,” वर्षाताई फोनवर म्हणाल्या. “वीस मिनिटं काचेच्या नळीत ठेवलं. नळी वाकडी केली तर पाण्यासारखं वाहून राहिलं. डॉक्टर म्हणतात, अजून दहा पायजेत.”

दुपारचे दोन वाजले होते. मी नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या सरकारी औषध गोदामात होतो. वर्षाताई भिवापूरकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट, नोकरीत नवीन. सकाळी मिरची तोडताना शांताबाई नावाच्या बाईंना घोणस चावली होती. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या दहा बाटल्या सकाळीच देऊन झाल्या होत्या. सहा तासांनी रक्त तपासतात. गोठलं नाही तर पुन्हा दहा.

“मग द्या ना,” मी म्हणालो.

“कुठून देऊ? मी वीस मागितल्या होत्या. तुमी दहाच देल्ल्या.”

मी कॉम्प्युटरवर त्यांचा इंडेंट उघडला. इंडेंट म्हणजे दवाखान्याने गोदामाकडे पाठवलेली मागणी. मागणी वीस, मंजूर दहा. खाली मंजूर करणारा म्हणून माझं नाव.

यामागची पद्धत सांगतो, कारण ती मीच वाढवली. गोदाम प्रत्येक मागणी निम्मी कापतं, म्हणून प्रत्येक फार्मासिस्ट दुप्पट मागतो. ते दुप्पट मागतात हे मला ठाऊक, म्हणून मी निम्मी कापतो. शिवाय सगळे थोडा माल ‘वाटप झाला’ असं दाखवून कपाटामागे ठेवतात. त्याला आम्ही आपसात गंगाजळी म्हणतो. या खेळात मी स्वतःला फार हुशार समजायचो.

“वर्षाताई, तुम्हाला खरोखर किती हव्या होत्या?”

“वीस. म्हणून वीस लिवल्या.”

अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरा आकडा लिहिला होता, आणि मी तो कापला होता.

डॉक्टरांनी फोन घेतला. “नागपूरला पाठवू शकतो. पण हिरड्यांतून रक्त येतंय. दोन तास गाडीत, औषधाशिवाय, मला नको वाटतं. एक तास थांबतो.”

माझ्याकडून गाडी निघाली तरी दोन तास. जवळची सहा केंद्रं कॉम्प्युटरवर पाहिली. सगळीकडे शिल्लक शून्य. मी बोरकरांना फोन लावला. त्यांचं केंद्र वर्षाताईंपासून बारा किलोमीटरवर, आणि माणूस मुरलेला.

“बोरकरभाऊ, सापाच्या बाटल्या किती आहेत?”

“पाहा ना कॉम्प्युटरात. झिरो.”

“मी कॉम्प्युटरला नाही विचारत. तुम्हाला विचारतोय.”

“इन्स्पेक्शन लावून राहिले का साहेब? काहून गरिबाच्या मागं लागता?”

मी खुर्चीत सरळ बसलो. “भाऊ, माझ्या स्टेशनरीच्या कपाटात, जुन्या रजिस्टरांमागे, बारा बाटल्या आहेत. वरून कोणाचा फोन आला तर द्यायला ठेवल्यात. कॉम्प्युटरवर नाहीत. आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय.”

पलीकडून खो खो हसणं.

“तुमी बी? अरे बापा! अन् मी इतके वर्ष तुमाले भिऊन राहिलो!” हसता हसता ते उठल्याचा, खोकी सरकवल्याचा आवाज आला. “ओआरएसच्या मागं चौदा हायेत. एक्सपायरी पुढच्या वर्षीची. पाठवू कोणासंगं?”

“स्वतःच न्या. एक बाई अडकली आहे.”

“निघालो. हेल्मेट बी घालत नाही.”

“हेल्मेट घाला, भाऊ.”

फोन ठेवला आणि मला हसू आवरेना. एक बाई मृत्यूच्या दारात, चूक माझी, आणि मी गोदामात एकटा हसतोय. लाज वाटत होती, तरी हलकं वाटत होतं. त्याच भरात मी आमच्या फार्मासिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या बारा बाटल्यांची कबुली टाकून दिली. खाली लिहिलं, ‘आजची नड बोरकर भागवतायत. पण आणखी कोणाकडे काय आहे? विचारणा नाही, शिक्षा नाही.’

शिक्षा नाही म्हणायचा अधिकार मला नव्हता. पण उत्तरं येऊ लागली. ‘सापाच्या आठ, टीव्हीच्या मागं.’ ‘माझ्याजवळ रेबीजची लस हाये, फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेत.’ ‘साहेब, लोहाच्या गोळ्या चालतील का? पाच खोके हायेत.’ एकाने तर विचारलं, ‘आता कबूल केलं तर पुढच्या इंडेंटमध्ये कापसान का?’

पावणेतीनला वर्षाताईंचा मेसेज आला: ‘मिळाल्या. सुरू केलं.’

आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, ग्रुपवर आहेत हे मला तेव्हा आठवलं. त्यांनी बोलावलं.

“तुम्ही परस्पर माफी जाहीर केलीत?”

“हो मॅडम.”

“कोणाला विचारून?”

“कोणालाच नाही. माझी चूक मी लेखी देतो. पण त्यांना माफ करा. ते मलाच घाबरून लपवत होते.”

मॅडमनी फोनवर ग्रुप वर-खाली केला. ओठ दाबून हसू आवरत होत्या. “भाजीच्या ट्रेत?” त्या म्हणाल्या. मग, “आठ दिवस देते. जे लपवलंय ते नोंदवा. पहिली नोंद तुमची. आणि लेखी द्याच.”

रात्री नऊला शांताबाईंचं रक्त नळीत घट्ट बसलं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. इंजेक्शन माझ्यामुळे कमी पडलं, असं सरळ सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मंग सोताच्या तोंडानं सांगाले काहून आले? मले काय मालूम पडनार होतं?”

त्यांनी पाय हलवून दाखवला, सूज उतरली होती, आणि सुनेला म्हणाल्या, “साहेबाले चहा पाज वं. लय भेलेला दिसते.”

नोंदी झाल्या तेव्हा कळलं, ज्या औषधांचा तुटवडा म्हणून मी वर पत्रं पाठवत होतो, त्यातली बरीच तालुक्यांतल्या कपाटांमागे होती. खोटे आकडे ओळखण्यात मी इतका तरबेज झालो होतो की खरा आकडा समोर आला तर तोही कापला. हल्ली कुठलीही मागणी कापण्याआधी फोन करून विचारतो. दोन मिनिटं लागतात.