थडग्यात न उतरण्याची मुभा

बहरीनला आल्यावर सुरुवातीला मला वाटलं, आपण टेकड्या सपाट करायला आलोय. मातीचे बुटके उंचवटे, एकाला लागून एक, आणि पलीकडे नव्या इमारती. आपल्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबी असा उंचवटा एका दुपारी उचलून टाकतो. इथे मात्र खुरपीनं हळूहळू खरवडायचं, घमेल्यातली माती चाळायची. मुकादमाला विचारलं तेव्हा कळलं, ही सगळी थडगी. हजारो वर्षांपूर्वीची. शहर वाढत चाललंय, म्हणून राहतील तेवढी जपायची आणि ज्यांच्यावरून रस्ता जाणार ती आधी नीट उघडून बघायची.

मी नववीत शाळा सोडली. जळगावला डाळ मिलमध्ये पोती वाहिली, मग एजंटामार्फत इकडे. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की तो तास मधल्या सुट्टीनंतर असायचा.

मुकादम इथलाच, म्हातारा. आम्ही त्याला चाचा म्हणतो, हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलतो. एक दिवस म्हणाला, "तुझा हात हलका आहे. उद्यापासून आत उतर, हाडं उचलू लाग."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण घरी बायकोला सातवा महिना होता, आणि आमच्या भडगावकडे बायको गरोदर असली की नवरा मयताला खांदा देत नाही, मसणात पाय ठेवत नाही. आईला फोनवर सांगायला नको होतं, पण सांगून बसलो.

"मढानं काम शे ते! हात लाऊ नको. तुन्ही बायको पोटुशी शे ना?"

खोलीतल्या धुळ्याच्या गड्यानं ऐकलं. "पोटुशी कोन शे भो, वहिनी का तू?"

सगळ्यांबरोबर मीही हसलो, पण जेवण गेलं नाही. आईचं मोडवत नव्हतं. आणि नाही म्हटलं तर परत पाठवतील. बाळंतपण तोंडावर आलंय आणि मी बॅग घेऊन भडगावच्या स्टँडवर उतरतोय, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

सकाळी चाचाला सांगितलं. तो सरळ मॅडमकडे गेला. मॅडम याच बेटावरच्या, खोदकाम त्यांच्याच देखरेखीखाली चालतं. लांबून चाचाचा हात माझ्याकडे होताना दिसला आणि मी मनातल्या मनात बॅग भरली.

मॅडम आल्या. मोडक्या हिंदीत विचारलं, "तिची तब्येत बरी आहे?"

इथे आल्यापासून हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी नुसती मान हलवली.

"मग मडक्यांचे तुकडे धुशील? पण तेही थडग्यातलेच आहेत. चालतं का, ते घरी विचार."

तिथूनच फोन लावला. आईनं विचारलं, "मडकामा काय व्हतं?"

"माती."

"मंग धुय."

तेव्हापासून ताडपत्रीखाली बादली आणि टूथब्रश घेऊन बसू लागलो. मॅडम अधूनमधून समोर येऊन बसायच्या. हे भांडं मेलेल्याच्या उशाशी ठेवलेलं, हे समुद्रापलीकडून आलेलं, असं सांगायच्या. आमच्याकडे मेलेल्यासाठी काय ठेवतात, तेही विचारायच्या. मेहेरबानी केली असं त्यांनी कधी दाखवलं नाही. तुकडे ओले राहिले की सरळ बोलणी बसायची, आणि मला त्याचंच जास्त बरं वाटायचं. आजही त्यांचं नाव निघालं की आई तिकडे हात जोडते.

मुलगी झाली. इथल्या बाजारातून जिलबी आणून वाटली. चाचानं मिठी मारली. "चल, आता उतर खाली."

मी पुन्हा घुटमळलो. आता सोयर होतं.

धुळ्याच्या गड्यानं कपाळाला हात लावला. "आते काय ऱ्हायनं भो?"

चाचरत सांगितलं, की बारसं होईपर्यंत तरी नको. चाचानं मॅडमकडे पाहिलं. त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसल्या.

"हे लोक इतकी हजार वर्षं थांबलेत," त्या म्हणाल्या. "तुझ्या मुलीच्या बारशापर्यंत थांबतील."

त्यांनी आणखी एक जिलबी उचलली, ती खात खातच स्वतः खड्ड्यात उतरल्या, आणि मी बादली भरायला गेलो.