रविवारी वाचणारी माणसं

'सात रस्ता' चौकाजवळच्या एका खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही तिघं जमतो आणि अंध मुलांसाठी कॉलेजची पुस्तकं मोबाइलवर रेकॉर्ड करतो. निवृत्त शिक्षिका काळेबाई, चादरीचा कारखाना चालवणारे, घरी तेलुगू बोलणारे आणि लहान पोरीलाही 'अम्मा' म्हणणारे अण्णा आणि सरकारी कचेरीतून रिटायर झालेला मी. पुस्तक वाचायचं नि घरी जायचं, यात किस्से कुठून येणार? पण बायको म्हणते, "तुम्ही वाचता कमी, किस्सेच जास्त घेऊन येता."

*

काळेबाईंना शाळेची सवय. परिच्छेद संपला की त्या रेकॉर्डिंगमध्येच विचारतात, "कळलं का?" आणि उत्तरासाठी थांबतात.

मी म्हटलं, "बाई, ते कापून टाकू या."

"अजिबात नको. मुलं 'हो' म्हणतात."

मला पटेना. मुलांच्या हॉस्टेलवर फोन करून विचारलं. वॉर्डन म्हणाले, "म्हणतात की. ज्याला कळलं नाही तो गप्प बसतो आणि परत पहिल्यापासून ऐकतो."

*

माझीही एकदा फजिती झाली. भूगोलाच्या पुस्तकात होतं तसंच मी वाचलं, "शेजारचा नकाशा नीट पाहा."

दोन दिवसांनी लक्ष्मीचा फोन. लक्ष्मी करमाळ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, बी.ए. करणारी. तिला जन्मापासून दिसत नाही.

"सर, नकाशा पायला. लई भारी हाय. फुडं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी मात्र कारखान्यातलं सूत आणलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवून बोटांना कळेल असा जिल्ह्याचा नकाशा केला. भीमा नदीसाठी हवं तसं निळं सूत मिळेना, म्हणून एक रविवार वाया गेला.

मी वैतागलो. "अण्णा, लाल लावा की. तिला कुठं दिसणार आहे?"

अण्णा म्हणाले, "दिसत नाही म्हणून लाल नदी द्यायची व्हय?"

*

आठवड्यात वेळ मिळाला की अण्णा कारखान्यात बसूनही वाचतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागांची खडखड येते. बाईंनी झापलं, तेव्हा त्यांनी एक धडा घरी, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून वाचला.

लगेच लक्ष्मीचा मला फोन. "सर, अण्णा बरे हायत न्हवं? कारखाना बंद पडलाय का?"

*

लक्ष्मी गेल्या साली इतिहासात नापास झाली होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, यंदा सुटलीस तर शीक, नाहीतर घरी ये. आणि पेपरच्या सकाळीच तिची उत्तरं लिहून देणारी मुलगी तापानं फणफणली.

बदली माणूस चालणार होता, पण नियम असा की लिहिणारा तिच्यापेक्षा कमी शिकलेला हवा. बाई एम.ए., मी बी.कॉम. आम्ही दोघंही बाद.

"मी दहावी," अण्णा हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजात फॉर्म भरताना मात्र त्यांनी ते ठसठशीत अक्षरांत लिहिलं.

तीन तासांनी बाहेर आले ते डोळे पुसत. "एका प्रश्नाला अडली हो. ते पान मीच वाचून दिलेलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं."

"सांगितलंत की काय?" बाई घाबरल्या.

"नाही. पेन धरून गप्प बसलो. आता पोरगी घरी गेली, तर माझ्यामुळं."

निकाल लागेपर्यंत त्यांना अन्न गोड लागलं नाही. लक्ष्मी थोडक्यात सुटली. रविवारी पेढे घेऊन खोलीवर आली, तरी अण्णांचं आपलं तेच. "त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं, अम्मा. मला येत होतं."

"कळलं हुतं मला. तुमचा श्वासच थांबला हुता." लक्ष्मीनं चाचपून त्यांचा हात धरला आणि त्यावर पेढा ठेवला. "तुमी बोलला असता, तर आज पास कोण झालं असतं, अण्णा?"