तपासणीच्या दिवशी बरा असलेला माणूस

डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरी जाऊन प्रश्न विचारायचे, हे माझं तीन वर्षांचं काम होतं. उपनगरातल्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या दुखापतींवर संशोधन चालू होतं. अपघात झालेला माणूस घरी गेल्यावर पुढचं वर्षभर त्याचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. अपघातानंतर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने, अशा प्रत्येकी चार भेटी. मी मुलुंडहून निघायचे. एक घर कांजूरमार्गला, दुसरं वाकोल्यात, तिसरं कांदिवलीला, आणि मधला सगळा वेळ रिक्षात. डोकं दुखतं का? झोप लागते का? चिडचिड होते का? शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे फार; यांतला एक आकडा सांगा. संध्याकाळी नवऱ्याने “जेवायला काय करायचं?” विचारलं, तरी मला प्रश्न नकोसा व्हायचा.

वाकोल्याचे ते गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळिशीचे, मूळचे मालवणकडचे; वडील गिरणीत होते. कामावरून परत येताना मेट्रोच्या कामाजवळच्या खडीवरून त्यांची बाइक घसरली. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. काही मिनिटं शुद्ध नव्हती. स्कॅनमध्ये काही निघालं नाही, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आमच्या कागदावर त्यांची दुखापत ‘सौम्य’ होती.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगून टाकलं, “माका काय झालेला नाय, मॅडम. मी एकदम बरो आसय.”

आणि तसे ते दिसतही होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी दहा शब्द वाचायचे: नारळ, खिडकी, चप्पल, आणखी काय काय. ते एका दमात परत म्हणायचे. वीस मिनिटांनी विचारले तरी नऊ आठवायचे. आकडे उलटे सांगायला लावले तर माझ्याआधी सांगून मोकळे. डोकेदुखी शून्य. चक्कर शून्य. चिडचिड शून्य. इतका सोपा फॉर्म क्वचित मिळायचा. खरं सांगायचं तर त्यांच्याकडे जायचं असलं की मला बरं वाटायचं, कारण तासाभरात सुटका व्हायची.

घरच्या माणसाला वेगळे प्रश्न विचारायचे असतात. त्यांची बायको स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उत्तरं द्यायची. नवरा पलीकडच्या खोलीत, मध्ये नुसता पडदा. ती प्रत्येक वेळी म्हणायची, “ठीक आहे ना. ते सांगतात तसंच लिहा.” ते तसंच लिहू नये म्हणूनच दोघांना वेगळं विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. तरी मी लिहिलं. पुढचं घर कांदिवलीला होतं.

सहा महिन्यांच्या भेटीत एका पानावर त्यांची सही घ्यायची राहिली. हे मला नाक्यावर रिक्षात बसताना कळलं. मनात आलं, जाऊ दे, फोन करून नंतर घेऊ. मग चरफडत परत चार मजले चढले.

दार बायकोने उघडलं आणि पटकन ओठांवर बोट ठेवलं. आत खिडकीवर चादर लावली होती. पंखा बंद, आणि उकाडा तर असा की जीव नको व्हावा. ते जमिनीवर आडवे पडले होते, डोळ्यांवर ओला पंचा. शेजारी बादली. थोड्या वेळापूर्वी माझ्यासमोर हसत आकडे उलटे म्हणणारा माणूस उलटी करून पडला होता.

मी कुजबुजले, “हे कधीपासून?”

“तुम्ही येऊन गेलात की दर वेळी,” ती म्हणाली. “तुम्ही यायच्या आदल्या दिवशी सुट्टी घेतात. दिवसभर असेच पडून राहतात, कोणाशी बोलत नाहीत. मग सकाळी आंघोळ करून तुमच्यापुढे बसतात. एरवी कामावरून आले की हेच. भांड्याचा आवाज झाला तर अंगावर येतात, ताई. हे असे नव्हते हो.”

ते पंचा न काढताच बोलले. “पास होऊचा होता. कंपनीत कळला तर माका लिफ्टच्या शाफ्टात उतरूक देवचे नाय.”

यातलं काहीही कंपनीला कळत नाही, हे मी पहिल्या भेटीत वाचून दाखवलं होतं. चार पानांचं संमतीपत्र, भराभर वाचलेलं. त्याच्यावर त्यांनी सही केली होती. विश्वास ठेवला नव्हता. मी खाली बसले आणि तेच पुन्हा सांगितलं, या वेळी कागदाशिवाय. त्यांनी विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की. पण अशा अवस्थेत तुम्ही शाफ्टमध्ये उतरता?” बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, “तुमच्या या फॉर्मचा आम्हाला उपयोग काय?”

“तुम्हाला बहुतेक नाही,” मी म्हटलं. खोटं बोलायलाही त्राण लागतं, आणि ते माझ्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हे संशोधन चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. माझं चुकलं कुठे, तेही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“गुण बदलता येणार नाहीत. जे पाहिलंस ते शेऱ्यात लिही,” त्या म्हणाल्या. मग चष्मा परत लावत, “असे आणखी किती असतील गं?”

त्यानंतर प्रत्येक भेटीच्या दुसऱ्या दिवशी घरी फोन करायचा, काल आमच्यानंतर काय झालं ते विचारायचं, असं ठरलं. म्हणजे माझं काम वाढलं. वाकोल्याच्या गृहस्थांना बाईंनी ओपीडीत बोलावलं. औषध दिलं, पण जास्त वेळ विश्रांतीबद्दलच बोलल्या. दिवसाचं काम तुकड्यातुकड्याने कसं करायचं, डोकं ठणकायच्या आधी कसं थांबायचं. आणि शाफ्ट सध्या बंद, हे स्पष्ट सांगितलं. ते आठवडाभर घुश्शात होते, असं बायकोने फोनवर कळवलं. मग त्यांनी स्वतःच सुपरवायझरला गाठून खरं काय ते सांगितलं. त्याने त्यांना स्पेअर पार्टच्या गोदामात बसवलं.

वर्षाच्या भेटीला मी गेले तेव्हा ते त्याच दिवशी अर्धा दिवस काम करून आले होते. दाढी वाढलेली. दहातले सहा शब्द आठवले. डोकेदुखी तीन, चिडचिड दोन. मध्येच म्हणाले, “थांबूया, मॅडम. डोका भणभणता.” आम्ही थांबलो, चहा झाला, मग उरलेलं केलं. ओट्याजवळ बायकोने सांगितलं, की अजून अंगावर येतात, पण आता आधी उठून बाहेर जाऊन बसायला शिकलेत.

कागदावर त्यांची तब्येत सहा महिन्यांपूर्वीपेक्षा ढासळली होती. मी आकडे जसेच्या तसे भरले, शेऱ्याला जागा पुरेना म्हणून मागचं पान वापरलं, आणि कांजूरमार्गच्या घरी फोन करून सांगितलं की मला यायला उशीर होईल.