कंदिलाच्या शेपटीवरचं घरटं

दिवाळीचा आकाशकंदील मी फाल्गुनापर्यंत उतरवला नव्हता. बायको रोज आठवण करायची, मी रोज "रविवारी" म्हणायचो. शेवटी शिंजिराच्या एका मादीने माझी सुटका केली. फुलांतला मध पिणारं हे अंगठ्याएवढं पाखरू घाटातल्या दमट रानांत रमतं असं ऐकून होतो. पण गंगापूर रोडवरच्या आमच्या गॅलरीतली जास्वंद तिला पुरली असावी. कोळ्याची जाळी, सालपटं, कचरा आणून तिने कंदिलाच्या शेपटीला पिशवीसारखं घरटं लटकवलं. आता कंदील काढणं म्हणजे पापच! आळसाला एवढा चांगला आधार मला आयुष्यात मिळाला नव्हता.

पाडव्याला आई आली. पिंपळगावजवळच्या मळ्यात द्राक्षं राखण्यात तिचा जन्म गेलेला. पाखरू दिसलं की डबा बडवायचा, एवढंच तिला ठाऊक. माझ्याकडे ती दोन रात्रींच्या वर कधी राहिली नाही. "मळ्याकडं कोण बघंल?" हे तिचं ठरलेलं. मला राग यायचा, आणि वाईटही वाटायचं.

गुढी नेमकी कंदील टांगलेल्या गॅलरीच्या गजालाच बांधायची असते. रेशमी साडी फडफडली, तर मादी पिल्लं टाकून जायची. मी हे चाचरत सांगितलं. तेवढ्यात घरट्यातून दोन बारीक चोची बाहेर आल्या.

"लेकुरवाळी हाय," आई म्हणाली. "सैपाकघराच्या खिडकीला बांध गुढी. देवाला तिकडूनबी दिसतं."

या वर्षी आमची गुढी कुकरच्या शिट्ट्या ऐकत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत कावळा आला. आईने ताट आणि उलथनं घेऊन असा दणका उडवला, की खालचा वॉचमन धावत वर आला. कावळा गेला, पण घाबरून मादीही उडाली. मग आई गजाला धरून तिची मनधरणी करत राहिली, "ये बाई, तुला नाय म्हणलं."

ती परतली. तेव्हापासून आई खुर्ची टाकून, मुकाट्याने काठी धरून बसली. तिसरी रात्र गेली, चौथी गेली. मळ्यातून माझ्या भावाचा फोन आला की सांगायची, "मी आले तर हितं पिल्लांकडं कोण बघंल?"

नवव्या दिवशी पिल्लं उडाली. दुपारच्या एसटीने आई गेली.

परवा बायको म्हणाली, "आता तरी कंदील उतरवा."

मी म्हणालो, "रविवारी." आईला पुन्हा नऊ दिवस ठेवून घ्यायचं, तर तो कंदील मला तिथेच हवा आहे.