बासी बंद केली ती मीच

आज सकाळी आमच्या यांना गोंदियाला हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही सोबत होत्या. यांची कोहमारा गावात ट्रान्सपोर्टची नोकरी, रोजचं टेन्शन, ढाब्याचं जेवण. वजन वाढतच गेलं.

डॉक्टर म्हणाले, "अशानं पोटातले चांगले जिवाणू कमी होतात, त्याचा त्रास हृदयालाही होतो. आधी सकाळी काय खायचे?"

"बासी," सासूबाई म्हणाल्या. "रातच्या भातात पानी टाकून ठेवत होतो, सकाळी तोच खात होतो."

"अशा आंबलेल्या भातात तर ते चांगले जिवाणू असतात. मग बंद का केली?"

"सुटली अशीच, साहेब."

सुटली नव्हती. गरिबाचं खाणं घरात नको म्हणून लग्न होऊन आल्या आल्या मीच बंद केली होती.

नुसत्या बासीनं हृदय बरं होत नाही, गोळ्या चालूच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही.

तुमच्या घरात लाजेपायी ताटातून काय गेलं? आणि ते कोणी बंद केलं हे विचारल्यावर गप्प कोण राहिलं?