अपराजित वर्षातला न खेळलेला सामना

बाबा आणि त्यांचे हिंदीभाषक मित्र, माझे चाचाजी, यांचा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होता. कॉलेजात असताना दोघंही आपापल्या फुटबॉल संघाचे कर्णधार. बाबांचं कॉलेज शहराच्या लष्कर भागातलं, गोरखी वस्तीपासून पायी जाण्यासारखं. चाचाजींचं बिर्ला नगरच्या बाजूचं, तिथे मिलमधल्या कामगारांची मुलं शिकायची. पन्नास वर्षं उलटली, मिल बंद पडली, दोघांचे गुडघे गेले, तरी रोज सकाळी फूलबागेत फेऱ्या मारून झाल्या की बाकावर बसून विषय तोच निघायचा. कोणाचं वर्ष मोठं?

"आख्ख्या सीझनमध्ये एक हार नाही," बाबा माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचे आणि मग तेच चाचाजींना हिंदीत ऐकवायचे.

"अरे, खेले किससे थे? आधी टीमें तो नंगे पाँव आती थीं," चाचाजी म्हणायचे. बाबांच्या संघानंतर पुढच्याच वर्षी तोच करंडक त्यांच्या संघाने जिंकला होता. दोन सामने हरले होते, पण बाहेरगावचे तगडे संघ त्या संघांच्याच मैदानावर जाऊन हरवले होते. "और सेमीफाइनल तो तुमने हमसे खेला ही नहीं."

"तुम लोग टाइम पे आए नहीं, उसमें हमारी क्या गलती?"

 इथे चाचाजी मफलर सारखा करायचे, चष्मा पुसायचे. बाबाही विषय बदलायचे. मी लहान असल्यापासून हे बघत आले, पण दोघांपैकी कोणालाच कधी काही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दोन्ही कॉलेजांनी मिळून जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचं ठरवलं. सभागृहात एक मोठा फलक लागणार होता, त्यावर दोन्ही कॉलेजांची सगळ्यात मोठी वर्षं क्रमाने. मी बाबांच्याच कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणून क्रम ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, माझे वडील त्यात आहेत, मला नको. तेव्हा चाचाजीच म्हणाले, "बिटिया लिखेगी तो मुझे मंज़ूर है. हार-जीत दोनों."

खेळ विभागाच्या कपाटातली जुनी रजिस्टरं मी रोज दोन तास काढून बघू लागले. कोण कोणाशी खेळलं, किती गोल खाल्ले, घरच्या मैदानावर किती सामने झाले, प्रतिस्पर्धी स्पर्धेत पुढे कुठपर्यंत गेले. खरं सांगायचं तर बुधवारपर्यंत माझं पारडं चाचाजींच्या वर्षाकडे झुकत होतं. बाबांच्या संघाला सोपे सामने फार मिळाले होते. हे बाबांना कसं सांगायचं एवढीच मला काळजी होती.

गुरुवारी उपांत्य सामन्याची फाइल उघडली. मैदान संध्याकाळी दुसऱ्या कार्यक्रमाला हवं होतं, म्हणून सामना चारऐवजी दुपारी दोनला घ्यायचं आदल्या दिवशी ठरलं होतं. स्पर्धेचे सचिव म्हणजे बाबांचेच खेळाचे प्राध्यापक. त्यांनी दुसऱ्या संघासाठी सूचनेची चिठ्ठी लिहिली आणि ती बिर्ला नगरला पोहोचवण्यासाठी ज्याच्या हाती दिली, त्याची नकलेवर सही घेतली. सही बाबांची होती. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी व्हायची तीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली.

त्याच्या पुढचा कागद दुसऱ्या संघाच्या तक्रारीचा. आम्ही साडेतीनला पोहोचलो, आम्हाला वेळ बदलल्याचं कोणी कळवलं नाही. खाली सचिवांचा शेरा: चिठ्ठी आदल्या संध्याकाळी पोहोचली आहे, तक्रार फेटाळली.

मी फाइल बंद केली, पुन्हा उघडली. बाहेर व्हरांड्यात मुली हसत होत्या. मला वाटलं, पोहोचवलीही असेल. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी घेतली असेल आणि हरवली असेल.

घरी बाबा जेवायला बसले होते. मी त्यांच्या ताटाशेजारी त्या कागदाची झेरॉक्स ठेवली.

"ही चिठ्ठी तुम्ही कोणाला दिली होती, बाबा?"

त्यांनी चष्मा न लावताच कागदाकडे पाहिलं. "गेटवर कोणाला तरी."

"कोणाला?"

"आता आठवतंय होय मला? तू मुलांना इतिहास शिकव. माझी तपासणी करू नकोस."

ते अर्ध्या जेवणावरून उठले. बाबा ताटात कधी काही टाकत नाहीत. वरण-भात तसाच राहिला, आणि मला उत्तर मिळालं.

शुक्रवारभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शनिवारी सकाळी ते फूलबागेत गेले नाहीत. चाचाजींचा फोन आला, तब्येत ठीक आहे ना म्हणून. मी "सर्दी झाली" असं खोटं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. दुपारी मी बाबांच्या खोलीत गेले.

"फलकावर अपराजित असं मी लिहिणार नाही," मी म्हटलं. "एक सामना न खेळता मिळाला, एवढंच लिहीन. बाकी तुमचं तुम्ही बघा."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "आमचे बचावातले दोन बॅक जखमी होते. त्यांची टीम त्या महिन्यात आमच्यापेक्षा चांगली होती, हे मला माहीत होतं. सायकलवर मिलजवळच्या त्यांच्या कॉलेजच्या गेटपर्यंत गेलो. खिशात चिठ्ठी. आत गेलो नाही."

"का?"

"का म्हणजे? हरायचं नव्हतं. परत येताना म्हटलं, दुसरीकडून कळेलच त्यांना. सरांना सांगितलं, दिली. मग बोलायची वेळच निघून गेली."

"रोज बसता तुम्ही त्यांच्याबरोबर."

"बस कर आता," बाबा म्हणाले. "मी उद्या सत्काराला येत नाही."

पण रविवारी सकाळी मी स्कूटी काढली तेव्हा ते कोट घालून दारात उभे होते.  माझा खांदा धरून ते मागे बसले, आणि मला कळेना की ते ऐकायला निघालेत की मला थांबवायला. पिशवीत मंचावरून वाचायचे माझे कागद होते, त्यात न खेळलेल्या सामन्याची नोंदही. मी वाचलं तर बाबांना सगळ्या गावासमोर उघडं पाडणार होते. न वाचलं तर चाचाजींनी टाकलेला विश्वास बुडवणार होते.

सभागृहात शंभरेक माणसं असतील. माझ्या आधी चाचाजींना दोन शब्द बोलायला बोलावलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि बाबांकडे बघून हसले.

"पचास साल लड़ा हूँ इनसे," ते म्हणाले. "आज बिटिया के सिर पर बोझ नहीं डालूँगा. इनका साल बड़ा था. पूरे सीज़न हारे नहीं, मानना पड़ेगा. उस दिन हम देर से पहुँचे, गलती हमारी थी. कप्तान मैं था, तो मेरी थी."

टाळ्या पडल्या. मी बाबांकडे पाहिलं.  टाळ्या चालू असतानाच ते खुर्चीचा आधार घेऊन उठले. लोकांना वाटलं, मिठी मारायला निघालेत.

त्यांनी माइक घेतला नाही. जागेवरूनच बोलले. "गलती तुम्हारी नहीं थी. चिट्ठी मेरे पास थी. मैंने दी नहीं."

मागच्या रांगांना ऐकू गेलं नाही, ते एकमेकांना विचारू लागले.  चाचाजी मंचावर तसेच उभे.

"गेट तक आए थे?" त्यांनी विचारलं.

"हाँ."

"कितनी देर खड़े रहे?"

"दस मिनट. शायद ज़्यादा."

चाचाजींनी मान हलवली. माइक टेबलावर ठेवला, पायऱ्या जपून उतरले, खुर्चीवरची शाल उचलली आणि कोणाकडे न बघता दारातून बाहेर गेले. मी मागे धावले. रिक्षात बसताना त्यांनी मला फक्त हातानेच थांबवलं.

बाबांच्या संघातले दोघं त्यांच्यावर धावूनच आले. करंडक आमचाही होता, तुला कोणी हक्क दिला, एक जण अक्षरशः ओरडला.  कार्यक्रम तिथेच आटोपला. फलक आजही लागलेला नाही. कॉलेज म्हणतं, विचार चालू आहे.

तीन आठवडे चाचाजी फूलबागेत आले नाहीत. बाबा मात्र रोज जाऊन बाकावर बसायचे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चाचाजी आमच्या घरी आले. आत बोलावलं तरी आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मेरी टीम के चार लोग बचे हैं," ते बाबांना म्हणाले. "उस दिन से कहते आए हैं कि चिट्ठी मुझे मिली थी और मैं भूल गया. दो ने बरसों मुझसे बात नहीं की. मेरी बेटी की शादी में नहीं आए. चलो, उनसे कहो."

बाबा चप्पल घालू लागले. मी गाडीसाठी फोन केला.

बिर्ला नगरच्या जुन्या क्वार्टर्समध्ये पहिलं घर चाचाजींच्या संघात मधल्या फळीत खेळणाऱ्या हाफबॅकचं होतं. ते पलंगावर पडून होते, अर्धं अंग गेलेलं. बाबांनी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, एकही सबब न देता.  म्हातारा छताकडे बघत ऐकत राहिला. मला वाटलं, आता हाकलून देतील. पण ते बाबांशी बोललेच नाहीत. मान वळवून चाचाजींना म्हणाले, "तूने कहा क्यों नहीं, कि तेरी गलती नहीं थी?"

"कहा था," चाचाजी म्हणाले. "तुम लोगों ने माना कब?"

म्हाताऱ्याने चालणारा हात पुढे केला. चाचाजी तो धरून पलंगाच्या कडेला बसले, आणि दोघं रडले. बाबा स्टुलावर खाली मान घालून बसून होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि त्या दिवशी ते बरोबरच होतं असं मला वाटतं.

थोड्या वेळाने चाचाजींनी डोळे पुसले. "उठो," ते बाबांना म्हणाले. "तीन घर और हैं."