आप्पांवरची बंदी

माझ्या सासऱ्यांवर केंद्र सरकारने बंदी घातली, ही बातमी माझ्या सासरच्या मंडळींना सर्वात आधी मी दिली. तीसुद्धा लेखी!

खुलासा करतो. मी तळोद्यात एका शाळेत गणित शिकवतो. गणिताचा माणूस असल्यामुळे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणं हा जुगार नसून बुद्धीचा व्यायाम आहे, असं माझं ठाम मत होतं. सरकारने असल्या खेळांवर बंदी आणली, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी टेबलावर मूठ आपटली. "प्रौढ माणसाने स्वतःच्या मोबाइलमध्ये काय करावं, हे दिल्लीत बसून कोण ठरवणार? व्यक्तिस्वातंत्र्य म्हणून काही आहे की नाही?" चहा पिणाऱ्या तिघांनी माना डोलावल्या. चौथ्याने विचारलं, "सर, तुम्ही जिंकायचात का कधी?" मला एकदम तास असल्याचं आठवलं.

घरी मात्र व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय काढायची माझी टाप नव्हती. माझी बायको रंजना तेव्हा मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नवापूरला गेली होती. तिथून तिचा फोन आला.

"ते रमीचं ॲप काढलं का?"

"अगं, ते आता चालतच नाही. सरकारनेच बंद पाडलं."

"मग ठेवलंय कशाला?"

"असंच." (खरं उत्तर 'आशेवर' असं होतं. आठवडाभर मी रोज ते बंद दुकान उघडून बघत होतो.)

"उद्याच्या उद्या काढा आणि काढल्याचा मला मेसेज टाका. माझी शपथ घेऊन!"

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचल्यावर काढलं. तेवढ्यात घंटा झाली. एका हातात खडू, दुसऱ्यात हजेरीपट, म्हणून मेसेज बोटाने न लिहिता मोबाइलला तोंडी सांगितला. आता 'ॲप' हा शब्द आमच्या भागात कोणी साहेबासारखा म्हणत नाही. आमच्या तोंडी तो 'आप्प' होतो. मोबाइलला तो अर्धवट वाटला असावा. त्याने पदरचा एक काना लावून शब्द पुरा केला. मी न वाचता पाठवून दिला. तोही 'रंजना'ला नव्हे, यादीत तिच्या खालीच असलेल्या 'रंजना माहेर' या ग्रुपला! मग मोबाइल खणात टाकला आणि सातवी ब ला त्रैराशिक शिकवायला गेलो.

मेसेज असा होता:

"आप्पा आजच काढून टाकलं. सरकारने बंदी आणली म्हणून नाही, मलाच कंटाळा आला होता. फार वेळ वाया गेला. आता परत घेणार नाही. तुझी शपथ."

आप्पा म्हणजे माझे सासरे.

त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. सासूबाई वारल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते आमच्याकडे राहायला आले. खानदेशात ही गोष्ट सोपी नाही. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. आप्पांनी त्यावर तोड काढली. येताना स्वतःचा माठ घेऊन आले, तो दारापुढच्या ओट्यावर मांडला आणि रोज सकाळी स्वतः भरू लागले. "माठ मन्हा, मेहनत मन्ही. आंडेरनं काय शे त्यामा?" (आंडेर म्हणजे लेक. नळ आमचा होता, पण ही बाब मी कधी काढली नाही.) ज्वारीही त्यांच्याच शेतातून येई. असल्या बारीक कलमांवर ते आमच्या घरी राहत होते, आणि कुठलं कलम कधी दुखावेल याची रंजनाला सतत धास्ती असे.

मला स्वतःचे वडील फारसे आठवत नाहीत, मी लहान असतानाच गेले. त्यामुळे शाळेतून आलो की ओट्यावरून "उनात का जवाईबापू?" (म्हणजे 'आलात का?') अशी हाक येई, ती मला फार आवडायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. जावयाने असलं काही सांगायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

मधल्या सुट्टीत खण उघडला, तर मोबाइल तापलेला. चाळीसच्या वर फोन येऊन गेलेले!

पहिला मेसेज पुरुषोत्तमनगरच्या दगाभाऊंचा. हे माझे मेहुणे, रंजनाचे थोरले भाऊ. "मास्तर, आमना बाप काय मोडेल खाट शे का, काढी टाकाले?" लगेच दुसरा. "काढून टाकलं? टाकलं?? माणूस म्हणीसन बी नही लिखं!" (व्याकरणाची एवढी बारीक चूक दगाभाऊंना शाळेत सापडली असती, तर दहावी एका झटक्यात झाली असती.) मावशींनी आवाज पाठवला होता. "एक डोळावर पट्टी शे, दुसराघाई हाईच वाचाले भेटनं वं माय!" (दुसराघाई म्हणजे दुसऱ्याने.) एका चुलतमेहुण्याला कुठलाही मेसेज पहिल्या दोन शब्दांपलीकडे वाचायची सवय नाही. त्याने 'आप्पा आजच' एवढंच वाचलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळा झाला. त्याखाली सहा जणांनी हात जोडले होते!

मेसेज कोणी कोणी वाचला, ते बघितलं. यादीत सर्वात वर आप्पा.

रंजनाने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला वेगळा मेसेज होता. "तुम्ही काय लिहायला गेलात ते मला कळलंय. पण माझ्या माहेरात तुमची अब्रू मी काढणार नाही, ते काम तुमचं तुम्ही करा. आप्पा एकदा घर सोडून गेले ना, तर परत येणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

मी अर्धी रजा टाकली आणि पळत सुटलो. कोपऱ्यावरून ओटा दिसतो. ओटा रिकामा! खाटेवर गोधडीची व्यवस्थित घडी, तिच्यावर त्यांचा मोबाइल आणि घराची किल्ली. माठाच्या जागी फक्त एक ओलं वर्तुळ.

समोरचे किराणावाले हमीदचाचा दुकानातून ओरडले, "मास्टर, आप्पा तो गये! मटका लेके गये, जीपस्टँडकी तरफ."

तेवढ्यात दगाभाऊंची गाडी येऊन थांबली. दार आपटत ते उतरले. मला बघून बाह्या सरसावल्या, पण आधी चाचांना विचारलं, "चाचा, आप्पा कथा गयात?"

"वो तो मटकेके चक्कर में निकल गये. भारी था, मैंने कहा छोड जाओ, नही माने. बोले, ये मेरेसे नही छुटेगा."

दगाभाऊ जागीच थबकले. बाह्या हळूहळू खाली आल्या. त्यांच्या डोक्यात मटका, सरकार, बंदी आणि माझा मेसेज यांचं त्रैराशिक सुटताना मला स्पष्ट दिसत होतं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर... आप्पा मटका खेळतस?"

वाचकहो, त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. पण एवढी सोयीची शांतता मला जन्मात मिळाली नव्हती! मी खाली बघितलं.

दगाभाऊंनी मला गाडीत बसवलं. स्टँड चार मिनिटांवर आहे. त्या चार मिनिटांत त्यांनी माझा हात हातात घेतला. "दोन वरीस तुम्हीन सोसं, मास्तर. आम्हले कळू बी नही दिधं. तुम्हना जागावर मी ऱ्हातू, ते मी बी काढी टाकतू."

"हं," मी म्हणालो.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात उसाच्या एका मोळीचं वजन खोटं लिहिलं नाही, त्याला मी एका 'हं'मध्ये मटकेबाज करून टाकलं. त्या 'हं'ची मला अजून लाज वाटते.

आप्पा अजून स्टँडवरच होते, याचं श्रेय आमच्या जीपवाल्यांना. जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, आणि बाजाराचा दिवस नसल्याने दोन तासांत ती अर्धीच भरली होती. आप्पा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मांडीवर माठ.

दगाभाऊ खिडकीपाशी जाऊन कळवळून म्हणाले, "आप्पा, या वयमा मटका?"

आप्पांनी माठाकडे बघितलं. "मंग? आठेच सोडी देऊ?"

"कवयपाईन शे हाई?"

"तुन्ही माय गयी तवयपाईन. रोज सकाळ उठना का पहिलं काम हाईच."

"रोज?"

"रोज. एक दिन बी खाडा नही. पाव्हणा उना ते त्याले बी देस. जवाईबापू बी लेतस कधी कधी, शाळामाईन उनात का."

दगाभाऊ सावकाश माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हीन बी?"

मागे बसलेल्या बायका पुढे सरकून ऐकायला लागल्या. एक जण म्हणाली, "सरकारनी बंदी करी ना वं बाई, तरी बी?" आप्पांना काही कळेना. ते बिचारे एकदा लेकाकडे, एकदा माठाकडे बघत होते. त्यांचा तो गोंधळलेला चेहरा मला बघवेना.

"थांबा!" मी ओरडलो. "आप्पा मटका खेळत नाहीत. हा पाण्याचा मटका आहे. जुगार मी खेळतो. खेळायचो. मोबाइलवर. रमी!"

मग मी सगळं सांगितलं. ॲप, आप्प, पदरचा काना, रंजनाची शपथ, आणि गाडीतला तो 'हं'सुद्धा. ज्या हाताने दगाभाऊंनी मघाशी माझा हात धरला होता, तो हात ते पँटवर पुसत होते... म्हणजे स्वतःच्या.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेसेज मी तीनदाव वाचा. राग नही उना, जवाईबापू. माले वाटनं, खरं शे. म्हतारा माणूसना कंटाळा येसच. दोन वरीस तुम्हीन बोलनात नही, आज बोलनात. आंडेरना घर माणूसनी कितला दिन ऱ्हावानं?"

मी खिडकीशी गेलो. "आप्पा, मला तुमचा कंटाळा कधीच आला नाही. शाळेतून येताना तुम्ही ओट्यावर दिसलात ना, की मला घरी आल्यासारखं वाटतं. आज ओटा रिकामा बघितला, तर काय करावं ते सुचेना. मला वडील नाहीत, आप्पा. तुम्हीच आहात."

मागच्या बायकांपैकी एकीने डोळ्याला पदर लावला. जीपवाला कासावीस झाला. "आप्पा उतरनात ते मन्ही एक सीट आखो कमी, हां!"

"उतरतीनच," दगाभाऊ म्हणाले, "पण मन्हा गाडीमा बसतीन. आप्पा, चाला पुरुषोत्तमनगरले. आंडोरना घर ते आंडोरना घर." (आंडोर म्हणजे मुलगा.)

"दगा," आप्पा शांतपणे म्हणाले, "सरकारनी बंदी करी, ती खेळवर करी ना?"

"हां."

"मी कोठे ऱ्हावो, त्यानावर नही ना करी?"

"नही."

"मंग माले इचार ना, भो. सगळा मिळीसन मन्हं ठराई ऱ्हायनात. कोणी काढी ऱ्हायना, कोणी लई जाई ऱ्हायना. माले कोणी इचारस का?"

व्यक्तिस्वातंत्र्यावर टेबल आपटणारा मी, दोन वर्षांत या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की आप्पा, इथे बरं वाटतं का? आता विचारलं. तेही भर स्टँडवर, जीपच्या खिडकीला धरून. "आप्पा, कुठे राहायचं तुम्हाला?"

आप्पा माठावरून हात फिरवत राहिले. दगाभाऊंना राहवेना. "आप्पा, इचार करीसन सांगा. हाऊ माणूसनी मुद्दाम लिखं व्हई ते? वर मोबाइलनं नाव सांगी ऱ्हायना!"

"मुद्दाम?" आप्पा पहिल्यांदाच हसले. "अरे, तू याले रमी खेळतांना देखं नही. मी देखेल शे. हाऊ ओटावर खेळे, मी मांगे खाटवर पडीसन देखू. दोन वरीस देखं! हातमा जोकर ये, का हाऊ फेकी दे. माले बोलता ये ना. एकदाव ते देखवायनंच नही, पोट दुखस म्हणीसन उठी गऊ. ज्याले हातमाना जोकर वळखू येस नही, तो मुद्दाम काय लिखी?"

सगळी जीप हसली. जीपवाला सर्वात मोठ्याने.

"असा माणूसले एकटं सोडीसन मी कथा जाऊ?" असं म्हणत आप्पा उतरले, माठ माझ्या हातात दिला आणि घराकडे चालू लागले.

तर अशा रीतीने माझे सासरे माझ्याकडे कायमचे राहिले. प्रेमापोटी म्हणा, पण मुख्यतः जावई मूर्ख आहे, या एका खात्रीपोटी. ती खात्री कधी डळमळू नये, म्हणून मी रोज थोडा थोडा प्रयत्न करत असतो. रंजना म्हणते, त्यासाठी मला वेगळे कष्ट घ्यायची गरज नाही.